कुलाब्याच्या किनाऱ्यावरील पंतोजींच्या शाळा आणि त्यांचे कागद

१

उरण-पनवेलपासून श्रीवर्धन-हरिहरेश्वरापर्यंतचा किनारा पूर्वीं कुलाबा जिल्हा आणि जंजिरा संस्थान या दोन नांवांनीं ओळखला जात असे. सन १९४८ मध्यें संस्थान विलीन झालें, आणि सन १९८१ मध्यें जिल्ह्याचें नांव रायगड झालें. या प्रांतांतील एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांतल्या गांवशाळांविषयीं दोन मतें नेहमीं ऐकूं येतात. एक मत असें कीं, सरकारी शाळाखातें निघण्यापूर्वीं या बाजूस लोकशिक्षण असें कांहीं नव्हतेंच. भट वेद म्हणत, प्रभु कारकुनी करीत आणि बाकीचे सर्व अंगठा करीत. दुसरें मत असें कीं, गांव तेथें शाळा होती व ती इंग्रजी अमलानें मोडून टाकली. दोन्ही मतें मोठ्या आवेशानें मांडलीं जातात आणि दोन्ही पक्ष एकाच सरकारी पाहणीकडे बोट दाखवितात. त्या पाहणींत आमचा किनारा कितपत आला आहे, हें मात्र कोणी विचारीत नाहीं. तें पाहणें व या विषयाचा खरा पुरावा कोठें शोधावा हें सांगणें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

२

मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा सन १८१९ पासून १८२७ पर्यंत मुंबईचा गव्हर्नर होता. सन १८२३ च्या डिसेंबरांत त्यानें शिक्षणावर आपलें प्रसिद्ध टिपण लिहिलें, आणि पुढील मार्चांत सर्व कलेक्टरांस लिहून गेलें कीं, आपापल्या जिल्ह्यांत गांवशाळा किती, त्यांत मुलें किती, पंतोजींची प्राप्ति काय, हें कळवावें. जीं उत्तरें आलीं त्यांवरून सन १८२९ च्या सुमारास मुंबई इलाख्यांत १,७०५ शाळा व सुमारें ३५,००० विद्यार्थी असा आंकडा निघाला. हे मूळ कागद रा. वि. परुळेकर यांनीं संपादून सन १९४५ मध्यें प्रसिद्ध केले, हे त्यांचे अभ्यासकांवर मोठे उपकार आहेत. या विषयावर लिहिणाऱ्या कोणासही त्या ग्रंथावांचून पाऊल टाकतां येत नाहीं.

परंतु तो ग्रंथ उघडतांना हातीं त्या काळचा नकाशा असला पाहिजे. सन १८२४ मध्यें आज ज्यास रायगड जिल्हा म्हणतात तो एका अमलाखालीं नव्हता. पनवेल व उरण हे उत्तर कोंकणच्या म्हणजे ठाण्याच्या कलेक्टराकडे होते. रोहें, माणगांव व महाड यांकडील राजपुरी व रायगड हे तालुके दक्षिण कोंकणांत म्हणजे रत्नागिरीकडे मोडत. अलीबाग व त्याभोंवतालचा मुलूख आंग्र्यांच्या कुलाबा संस्थानाचा होता. मुरूड, म्हसळें व श्रीवर्धन हीं जंजिऱ्याच्या सिद्दीच्या राज्यांत होतीं. कंपनीच्या कलेक्टरानें विचारावयाचें तें आपल्या मुलखांत. आंग्र्यांच्या व सिद्दीच्या गांवीं किती मुलें धूळपाटी गिरवितात, हें त्यास कोण सांगणार, आणि त्यानें तरी कां विचारावें?

दुसरा घोटाळा असा. जे आंकडे उत्तर व दक्षिण कोंकण या नांवाखालीं आले, ते दमणगंगेपासून तेरेखोलीपर्यंत पसरलेल्या दोन विस्तीर्ण जिल्ह्यांचे होते. कुलाबा हा स्वतंत्र जिल्हा झाला सन १८६९ मध्यें, आणि पनवेल व कर्जत हे तालुके त्यास ठाण्याकडून मागाहून जोडले गेले. म्हणून "कुलाबा जिल्ह्यांत सन १८२४ सालीं इतक्या शाळा होत्या" असें विधान कोणी केल्यास तें मूळ कागदांत बसत नाहीं, आणि "अलीबागेस शाळा नव्हती, कारण पाहणींत ती नाहीं" हें विधान तर तर्कासही सोडून आहे. मोजणाराच जेथें गेला नाहीं, तेथील शून्य हें शून्य नव्हे.

३

मोजणारा जेथें गेला तेथें तरी त्यास काय दिसलें असेल? याचें उत्तर पंतोजीच्या शाळेच्या स्वरूपांत आहे.

पंतोजीच्या शाळेस घर नसे. देवळाची पडवी, खोताची किंवा सावकाराची ओटी, नाहीं तर पंतोजीच्या घरचीच ओसरी, हें तिचें स्थान. मूल पांच-सहा वर्षांचें झालें म्हणजे मुहूर्त पाहून पाटीपूजन होई व "ओनामासिधं" नें आरंभ होई. लांकडी पाटीवर बारीक धूळ किंवा विटेची भुकटी पसरावयाची, आणि पंतोजीनें काढून दिलेलें अक्षर काडीनें वा बोटानें गिरवावयाचें. मूळाक्षरें व बाराखड्या झाल्या म्हणजे अंक आणि पाढे, आणि त्यांपुढें पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी अशी अपूर्णांकांची परंपरा. सायंकाळीं सर्व मुलांनीं उभें राहून एका सुरांत परवचा म्हणावयाचा. हात वळल्यावर बोरू आणि कागद. लेखन बहुतेक मोडी. छापील पुस्तक या शाळेंत नव्हतें. वाचनास घरोघरचीं जुनीं पत्रें आणीत आणि तींच लावीत. मोठ्या मुलांनीं लहानांस सांगावें, ही रीत सर्वत्र होती.

पंतोजीस वेतन असें नसे. महिन्याचे कांहीं पैसे, सणावारीं शिधा, मूल एक पायरी चढलें म्हणजे कांहीं देणगी, पीक घरांत आल्यावर भात, आणि दसऱ्यास सरस्वतीपूजनाची दक्षिणा, यांवर त्याचा चरितार्थ चाले. त्यामुळें जेथें हिशेब व लिहिणें यांची गरज होती तेथें पंतोजी टिके. आमच्या किनाऱ्यावर ती गरज थोडी नव्हती. पेण-उरणचीं मिठागरें, बंदरोबंदरींची जकात, मुंबईकडे जाणारें भात, खोती गांवांतील वसूल या सर्वांस मोडी वळण आणि अपूर्णांकांचें पाठांतर लागे. पाऊणकी-औटकी हा पोपटपंचीचा खेळ आहे असें पुढील काळच्या शाळातपासनीसांस वाटे. पण पावणेतीन मणांचा भाव तोंडीं सांगावयाचा तर तीच विद्या उपयोगी पडे.

या वर्णनावरून एक गोष्ट ध्यानांत येईल. पंतोजीची शाळा ही संस्था नसून एक व्यक्ति होती. पंतोजी वारला, गांव सोडून गेला, किंवा त्यास कोठें कारकुनी मिळाली, कीं त्या दिवशीं शाळा संपली. पेरणी-लावणीच्या दिवसांत कुणब्यांचीं मुलें शेतावर, आणि पावसाळ्यांत खाड्या भरल्या म्हणजे पलीकडच्या वाडीचीं मुलें घरींच. अशा शाळांची एका सालीं एका वेळीं मोजदाद केली तर जो आंकडा निघेल, तो दहा वर्षांत त्या गांवांत किती मुलांनीं अक्षर गिरविलें याहून कमीच असणार. उलट, आज आहे ती शाळा उद्यां राहीलच असा भरंवसा नसल्यानें, त्या आंकड्यावरून गांवोगांव कायमच्या शाळा होत्या असें म्हणणेंही तितकेंच चुकीचें. आमच्या मतें त्या आंकड्यानें विद्येचा पसारा कमी दिसतो आणि शाळांचें स्थैर्य अधिक दिसतें. दोन्ही प्रचलित मतांचें मूळ या एका गोष्टीच्या विस्मरणांत आहे.

४

पंतोजींच्या या धूळपाटीचा इंग्लंडांतील शाळांशीं एक नवलाचा संबंध आहे. अँड्र्यू बेल नांवाचा पाद्री सन १७८९ पासून १७९६ पर्यंत मद्रासेस लष्करी अनाथ मुलांच्या आश्रमावर देखरेख करीत होता. तेथील देशी शाळांत मुलें वाळूवर अक्षरें गिरवितात हें पाहून त्यानें ती रीत उचलली आणि तींत मोठ्या मुलांकडून लहानांस शिकविण्याची पद्धत योजिली. सन १७९७ मध्यें लंडनास परत जाऊन त्यानें त्यावर पुस्तक छापलें. लँकास्टर यानेंही तशीच पद्धत साउथवर्कांत चालविली. सन १८११ मध्यें स्थापन झालेल्या नॅशनल सोसायटीनें बेलच्या पद्धतीच्या शाळा इंग्लंडांतील गांवोगांवीं काढल्या, आणि गिरणगांवांतील गरिबांचीं मुलें वाळूच्या पाटीवर अक्षरें काढूं लागलीं. त्या देशांत तेव्हां सरकारी शाळा नव्हत्या. तेथेंही म्हाताऱ्या बाया आपल्या घरांत चार मुलें जमवून थोड्या पैशांत अक्षर सांगत. त्या शाळाही बाई आजारी पडली कीं बंद होत. पार्लमेंटानें शाळांसाठीं पहिली मदत दिली ती सन १८३३ मध्यें, २०,००० पौंड. आणि सर्व मुलांसाठीं शाळांचा कायदा झाला सन १८७० मध्यें.

सन १८१५ मध्यें मुंबईस जी एज्युकेशन सोसायटी निघाली तिनें बेलची हीच पद्धत स्वीकारली. म्हणजे या देशच्या ओसरीवरून विलायतेस गेलेली रीत इंग्रजी नांव धारण करून परत आली, आणि ज्या पंतोजींच्या जातीची ती रीत त्यांनाच ती नवी म्हणून शिकविण्यांत येऊं लागली. हें आम्ही कोणास हिणविण्यासाठीं सांगत नाहीं. सन १८२० च्या सुमारास इंग्लंडांतील लहान गांवची शाळा आणि पेण-रोह्याची शाळा यांत अंतर समजतात तितकें नव्हतें, एवढेंच दाखवावयाचें आहे. अंतर पडलें तें पुढील पन्नास वर्षांत. सरकारचा पैसा, छापील पुस्तक आणि शिकविण्याचें शिक्षण यांनीं तें पाडलें.

५

आतां आमच्या किनाऱ्यावर नवी शाळा कोणत्या वाटांनीं आली तें पाहूं.

पहिली वाट अमेरिकन मिशनची. सन १८१३ मध्यें मुंबईस आलेल्या या पाद्र्यांनीं थोड्याच वर्षांत खाडीपलीकडे चौल, रेवदंडा, अलीबाग या बाजूस मराठी शाळा काढल्या. या शाळांचा विशेष हा कीं, त्यांत बेने इस्रायल लोक पंतोजी म्हणून आणि विद्यार्थी म्हणूनही आढळतात. हे लोक या किनाऱ्यावर तेलाच्या घाण्यांचा धंदा करीत आणि शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांस शनिवार तेली म्हणत. नव्या अक्षरविद्येचा लाभ या लहान समाजानें जितका त्वरेनें घेतला तितका क्वचितच कोणी घेतला असेल. सन १८३० मध्यें अलीबागेस जन्मलेले हाईम सामुएल केहिमकर यांनीं पुढें मुंबईस आपल्या समाजाची शाळा चालविली व समाजाचा इतिहास लिहिला. तो सन १९३७ मध्यें तेल अवीव येथें छापला गेला. कुलाबा किनाऱ्याच्या अभ्यासकानें हा ग्रंथ अवश्य पाहावा.

दुसरी वाट मुंबईच्या नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीची. जॉर्ज जर्व्हिस व सदाशिव काशीनाथ छत्रे यांनीं तिचें काम चालविलें. सन १८२६ मध्यें २४ शिकविलेले पंतोजी निरनिराळ्या जिल्ह्यांत रवाना झाले. छत्रे यांचें बाळमित्र व इसापनीति सन १८२८ मध्यें निघालीं, सन १८३१ मध्यें मोल्सवर्थचा कोश आला, आणि सन १८३६ मध्यें दादोबा पांडुरंग यांचें व्याकरण झालें. छापील बालबोध पुस्तक शाळेंत येणें ही गोष्ट आज लहान वाटते; परंतु वाचन म्हणजे मोडी पत्र लावणें हा समज तिनें पालटला.

तिसरी वाट राज्यांतराची. रघूजी आंग्रे सन १८३८ मध्यें वारले, त्यांचा मागाहून जन्मलेला मुलगाही पुढील वर्षीं गेला, आणि सन १८४० मध्यें कुलाबा संस्थान खालसा झालें. त्याच सालीं नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या जागीं बोर्ड ऑफ एज्युकेशन आलें. सन १८५४ च्या खलित्यानंतर, सन १८५५ मध्यें त्याच्या जागीं शाळाखातें. पण शाळांस खरें बळ मिळालें तें लोकल फंडानें. शेतसाऱ्याच्या दर रुपयामागें एक आणा पट्टी, तींतील एक तृतीयांश शाळांस व दोन तृतीयांश रस्ते वगैरेंस, अशी ही व्यवस्था सन १८६४ च्या सुमारास सुरू होऊन सन १८६९ च्या कायद्यानें पक्की झाली. यापुढें शाळा ही व्यक्ति राहिली नाहीं. मास्तर बदलला तरी शाळा राही. तिला इमारत, हजेरीपट, तपासनीस आणि दप्तर मिळालें.

येथें एक न्यायाची गोष्ट सांगितली पाहिजे. पट्टी सर्व शेतकऱ्यांकडून वसूल होई, पण शाळेच्या ओटीवर सर्वांस जागा नव्हती. पंतोजीच्या शाळेंतही ती नव्हती. मुली नव्हत्या, महार-चांभारांचीं मुलें नव्हतीं, कातकरी-ठाकूर तर दूरच. सरकारी शाळेचा दरवाजा कायद्यानें उघडा असला तरी गांवचा उंबरा तसाच राही. महाडजवळच्या गांवचे गोपाळबाबा वलंगकर यांच्यासारखी व्यक्ति लष्करांतून पेन्शन घेऊन आली, तिनें सन १८८८ मध्यें विटाळविध्वंसक लिहिलें, आणि सन १८९५ मध्यें महाडच्या लोकल बोर्डावर तिची नेमणूक झाली, तेव्हां गांवांत केवढा गहजब झाला हें प्रसिद्ध आहे. जुन्या शाळेच्या मोडण्यावर अश्रु ढाळणारांनीं हें विसरूं नये. तसेंच, जुनी शाळा केवळ टाकाऊ म्हणणारांनीं माणगांवाकडील शिरवलीचे विष्णुबुवा ब्रह्मचारी यांस विसरूं नये. सन १८२५ मध्यें जन्मलेल्या या पुरुषानें गांवचें जुजबी शिक्षण घेऊन कस्टमांत नोकरी केली, आणि सन १८५९ मध्यें वेदोक्त धर्मप्रकाश व सन १८६७ मध्यें सुखदायक राज्यप्रकरणी निबंध लिहिला. पंतोजीच्या पाटीनें किती दिलें असेल ते असो. पुढील सर्व त्या पाटीवर उभें होतें.

६

आतां मुख्य मुद्दा. सरकारी शाळेनें हजेरीपट ठेविला, म्हणून तिचा इतिहास लिहितां येतो. पंतोजीनें तो ठेविला नाहीं, म्हणून हजेरीपट चाळणाऱ्यास त्यापूर्वीं सर्वत्र अंधार दिसतो. हा अंधार मुलखांतला नसून दप्तरांतला आहे. आंग्रे व सिद्दी यांच्या मुलखांविषयीं तर कंपनीच्या कागदांत उजेड पडण्याची आशाच नको. पुरावा असलाच तर तो घरोघरच्या रुमालांत आहे, आणि तो नेमका अशा कागदांत आहे कीं जे आपण संग्राहक रुमाल सोडतांच बाजूस टाकतों.

ज्यांनीं कोंकणांतील जुन्या घरांचे रुमाल सोडले आहेत त्यांस हे कागद ठाऊक आहेत. सनद, निवाडा, महजर, वतनपत्र निघालें कीं आपण हर्षानें तें उचलतों. त्यांबरोबर निघतात ते कित्ते, उजळण्या, पाढ्यांच्या वह्या, पत्रांच्या मायन्यांच्या नकला आणि अमक्याच्या मुलाबद्दल इतके आणे व इतक्या पायल्या भात दिल्याच्या खर्चाच्या ओळी. हे "निरुपयोगी" म्हणून वाळवीस किंवा रद्दीस जातात. वास्तविक, एखाद्या घरच्या खर्चाच्या वहींत "पंतोजी" या नांवावर पडलेली एक ओळ, तीस मितीची जोड मिळाली तर, त्या गांवीं त्या सालीं शाळा होती याचा कोणत्याही सरकारी आंकड्याइतका बळकट दाखला आहे.

हे कागद ओळखण्याविषयीं कांहीं सूचना करितों. कित्त्यांत वरची ओळ एका पक्क्या हाताची असते आणि खालच्या ओळींत तेंच वाक्य कच्च्या हातानें पुनःपुनः येतें. मायने गिरवितांना मुलें थोर पुरुषांचीं नांवें व लांबलचक पदव्या घालीत. अशा कागदावर शिक्का नसतो, मोर्तब नसतें, आणि मजकूर मायन्यानंतर एकाएकीं तुटतो. असला कागद अस्सल पत्र समजून छापला गेल्यास इतिहासांत एक खोटा पत्रव्यवहार शिरेल. तेव्हां कित्ते ओळखणें हें राजकीय इतिहासाच्या शुद्धीसही आवश्यक आहे. कोष्टकांत रुके व दाम यांचे हिशेब असतील तर वळण जुनें समजावें. पूर्णविराम, स्वल्पविराम हीं चिन्हें पद्धतशीर असतील तर कागद मेजर कँडी यांच्या काळचा, म्हणजे सन १८५० च्या पुढचा असण्याचा संभव फार. शिळाप्रेसवर छापलेलीं मोडी वाचनाचीं पुस्तकें निघाल्यास तीं शाळाखात्याच्या काळचीं. मोडी ही शाळांतून एकदम गेली नाहीं, विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती शिकविली जात होती. कागदाची मिती शक, फसली कीं अरबी सनांत आहे, हेंही टिपून ठेवावें.

मात्र एक पथ्य पाळावें. कित्ता ज्या रुमालांत निघाला त्यापासून तो वेगळा करूं नये. सुटा कित्ता म्हणजे केवळ सुंदर अक्षराचा नमुना. त्याच्या शेजारीं त्या घरची खर्चाची वही, कुळांचा हिशेब व पत्रें असलीं, तरच तें घर कोणाचें, मूल कोणत्या धंद्यासाठीं शिकत होतें, पंतोजीस काय मिळत होतें, हें सांगतां येतें. बाजारांत मोडीचे सुटे कागद शोभेसाठीं विकले जातात, त्यांत या विषयाचा पुरावा रोज नष्ट होत आहे.

७

सारांश, या किनाऱ्यावर शाळा नव्हत्या असें म्हणण्यास आधार नाहीं, आणि गांव तेथें शाळा होती असें म्हणण्यासही नाहीं. शाळा होत्या; त्या माणसाबरोबर येत व माणसाबरोबर जात; त्यांत ठराविक जातींचींच मुलें शिकत, आणि त्या धंद्यापुरती पक्की विद्या देत. याहून निश्चित विधान गांववार करावयाचें असेल तर तें अलीबाग, चौल, पेण, रोहें, महाड, मुरूड व श्रीवर्धन येथील जुन्या घरांच्या कागदांवरूनच करितां येईल. ज्या गृहस्थांकडे असे रुमाल असतील त्यांनीं त्यांतील पोरांच्या हातचे कागद फेकूं नयेत, अशी आमची त्यांस विनंती आहे. सनदा कोणी तरी जपतोच. धुळाक्षरांचे कागद जपणारा मात्र शोधावा लागतो.